तीनशे ग्रॅमचं इंजिन

माणसाने निवृत्त झाल्यावर खुशाल बासरी शिकावी, कुंडीत कोथिंबीर लावावी, आठवणी लिहून घरच्यांना वाचून दाखवाव्यात. पण सासऱ्यांना खूश करण्याच्या भानगडीत पडू नये. हे मी अनुभवाने सांगतो आहे आणि बसून सांगतो आहे, कारण कंबर धरली आहे.

माझे सासरे, म्हणजे अण्णा, यांनी एकोणचाळीस वर्षं डिझेल इंजिन चालवलं. आता वय एक्याऐंशी. एकटेच राहायचे. न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि उजवा हात मोडला. दोन तास फरशीवर होते. दूध करपल्याचा वास शेजारणीला गेला, म्हणून कळलं तरी. माझी बायको जाऊन त्यांना घेऊन आली. आमच्या उंबऱ्यावर उभं राहूनच त्यांनी जाहीर केलं, "प्लास्टर निघालं की एक तारखेला मी माझ्या घरी जाणार."

आणि त्यांनी बॅग उघडलीच नाही. म्हणजे रोज सकाळी उघडायचे, एक सदरा काढायचे आणि चेन पुन्हा शेवटपर्यंत ओढायचे. बॅग दाराजवळच्या खुर्चीवर आणि शेजारच्या खुर्चीवर अण्णा. फलाटावर बसल्यासारखे. दिवसभरात एकच वाक्य बोलत. आमच्या घरापासून बरंच लांब, गोदामांच्या पलीकडून संध्याकाळी एक गाडी जाते. तिचा भोंगा आम्हाला कधीच ऐकू येत नाही. अण्णांना येई. ते घड्याळ बघत आणि म्हणत, "सात मिनिटं लेट." संपला दिवस.

"त्या घरात ते पुन्हा एकटे पडले तर?" बायको मला स्वयंपाकघरात खेचून म्हणाली. "आणि राहा म्हटलं तर हट्टाने जातील. तुम्हीच काहीतरी करा."

लग्नाला चौतीस वर्षं झाली. ‘तुम्हीच काहीतरी करा’ हे मी आजवर दोनदा ऐकलं होतं. पहिल्या वेळी आम्ही पाण्याची टाकी गमावली, दुसऱ्या वेळी एक चांगला मेव्हणा. तरी मी म्हणालो, "करतो." एक तारखेला पाच आठवडे होते.

मला कल्पना अशी सुचली, की अण्णांना घरातच एक डिझेल इंजिन करून द्यावं. खरं नव्हे, वीतभर लांबीचं. त्याचे सुटे भाग मिळतात, ते जोडायचे, लाकडी फळीवर रूळ टाकायचे, एखादं स्टेशन, एखादा बोगदा. लोक घरोघरी करतात म्हणे. जाहिरातीच्या चित्रात तर एक गृहस्थ पाइप ओढत इंजिन जोडत होते आणि शेजारी त्यांची बायको चक्क हसत होती. मी सुटे भाग मागवले.

ते आले आणि पार्सलच्या कचेरीत अडकले.

खिडकीतल्या कारकुनाने बुटांच्या खोक्याएवढं ते पार्सल पुढ्यात ठेवलं आणि विचारलं, "आत काय आहे, काका?"

"डिझेल इंजिन," मी म्हणालो. खोटं कशाला बोला?

"डिझेल आहे आत?"

"नाही हो. विजेवर चालतं."

"मग डिझेल इंजिन कसं?"

"दिसायला डिझेल, चालायला वीज."

"म्हणजे कागदावर एक आणि आत एक." त्याने पेन खाली ठेवलं. "आणि वजन तीनशे ग्रॅम लिहिलंय. डिझेल इंजिनाचं वजन तीनशे ग्रॅम असतं?"

"किती असतं?"

"मला काय माहीत? असेल शंभर टन. फरकाचा खुलासा लिहून आणा."

त्याच्या आवाजातली ती माया मी तत्काळ ओळखली. कारण मी स्वतः छत्तीस वर्षं परवाना विभागाच्या खिडकीमागे काढली आहेत. दुकानाची पाटी, गच्चीवरचा पत्रा, रस्त्याचं खोदकाम, सगळ्यांना मी हेच म्हणत आलो: फरकाचा खुलासा लिहून आणा. हे वाक्य बंदुकीसारखं आहे. आपण कोणत्या बाजूला उभे आहोत यावर त्याची गंमत अवलंबून असते. मी घरी गेलो आणि नव्व्याण्णव टन नऊशे नव्व्याण्णव किलो सातशे ग्रॅम कुठे गेले याचा खुलासा दीड पानात लिहिला. मसुदा चांगला होता. माझ्या हाताखालच्या कोणालाही जमला नसता.

दुसऱ्या खेपेला त्याने खुलासा ठेवून घेतला आणि आत ज्वलनशील पदार्थ नसल्याचा दाखला मागितला.

"तो कोण देतं?"

"जो असल्याचा देतो तोच."

तिसऱ्या खेपेला मी मान खाली घालून नवा अर्ज भरला आणि वस्तूच्या रकान्यात ‘खेळणं’ असं लिहिलं. ज्या हाताने हजारो अर्ज नामंजूर केले त्याच हाताने.

"हे आधीच सांगायचं ना काका," कारकून खुलला. "खेळणार त्याचं वय?"

"एक्याऐंशी."

त्याने वर न बघता वय लिहून घेतलं आणि शिक्का मारला.

यात दहा दिवस गेले. तोवर मी फळी आणून ठेवली होती. ‘आणून ठेवली’ या दोन शब्दांत चार मजले आहेत. फळी आठ फूट बाय चार फूट आणि लिफ्ट माणसांच्या मापाची. जिन्याच्या प्रत्येक वळणावर आमच्या इमारतीचे सेक्रेटरी उभे होते. मदतीला नव्हे, भिंतीचा रंग जपायला.

"काय करताय एवढ्या फळीचं?"

"रेल्वे."

ते तिसऱ्या मजल्यापर्यंत भिंतीवर हात फिरवत आले. मग म्हणाले, "लेखी अर्ज द्या. आज तुम्हाला रेल्वे दिली तर उद्या कोणी विमानतळ मागेल."

समितीच्या नियमावलीत घरगुती यंत्रांची यादी होती: शिलाई मशीन, मिक्सर, इतर. तासभराच्या चर्चेनंतर आमची रेल्वे ‘इतर’मध्ये बसवण्यात आली. अट एकच: प्रवासी वाहतूक करायची नाही.

फळी गॅलरीला लागून असलेल्या खोलीत मांडली. ती माझी झोपायची खोली. पलंग उभा करून भिंतीला टेकवला आणि मी गादीसकट बोळात आलो. तेव्हापासून कंबर.

आता इंजिन जोडण्याविषयी. सोबत एक पत्रक होतं आणि ते तेरा भाषांत होतं. त्यातली एकही मला येत नाही. कंपनीने माझ्यासारख्यांसाठी चित्रंही दिली होती, पण चित्रातल्या माणसाला तीन हात असावेत. एका हातात इंजिनाचा सांगाडा, दुसऱ्यात चिमटा आणि तिसऱ्यात तारेला डाख द्यायचं तापलेलं हत्यार. मी दोन हातांवर भागवलं, त्यामुळे टेबलावर तीन ठिकाणी, सतरंजीवर एका ठिकाणी आणि माझ्या अंगठ्यावर एका ठिकाणी डाख बसला. तारेवर बसायला चौथा दिवस उजाडला.

एक स्क्रू ज्वारीच्या दाण्याच्या निम्मा होता. तो पडला. असे स्क्रू खाली पडत नाहीत, वेगळ्याच जगात जातात. मी जमिनीवर पालथा पडून बॅटरीने शोधत असताना बायको दारात येऊन म्हणाली, "तुम्हीसुद्धा पडलात का?" मी दुकानातून तसल्या स्क्रूंची डबी आणली. एक डझन. तेव्हापासून उरलेल्या अकरा स्क्रूंची डबी माझ्या सदऱ्याच्या खिशात कायम असते.

मोटर एकदाची फिरली, त्याच्या दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर वर आले. चांगला माणूस. हात जोडूनच आले.

"दुपारी मी अर्धा तास आडवा होतो हो. वरून तो आवाज आला की माझा हात आपोआप उठतो. हुबेहूब माझ्या मशीनचा आवाज! काल झोपेत बायकोला म्हणालो, आ करा."

"मग?"

"तिने केला. आणि जे बोलली..." ते बोलायचे थांबले आणि त्यांनी माझ्या हातातलं इंजिन घेतलं. "हे भोक तुम्ही कशाने पाडलंत?"

"दाभणाने."

त्यांच्या चेहऱ्यावर जी वेदना उमटली ती मी त्यांच्या पेशंटांच्या चेहऱ्यावरही पाहिलेली नाही. इंजिन घेऊन ते खाली गेले आणि तासाभराने अकरा सुबक भोकं पाडून परत आले. दोन तास काही खाऊ नका, असं सवयीने म्हणालेही.

हे सगळं चाललं असताना अण्णा दाराजवळच्या खुर्चीत पेपर वाचत. एकदाही त्यांनी मान वळवली नाही. पेपर उलटा नव्हता, पण तीन दिवसांपूर्वीचा होता.

शेवटी उद्घाटनाचा दिवस ठरवला. एक तारखेला दोन आठवडे उरले होते. डॉक्टर आले. समितीच्या वतीने पाहणी करायला सेक्रेटरी आले. बायकोने चहा केला आणि अण्णांची खुर्ची फळीसमोर ठेवली. "अण्णा, बसा ना जरा इथे, तिकडे वारा लागतोय," असं म्हणून त्यांना तिच्यात बसवलं. इंजिन निळं, मागे तीन डबे. दोन शब्द बोलावेत म्हणून मी खाकरलो आणि खाकरताना माझा हात बटणावर पडला.

गाडी सुटली. सुटली म्हणजे हातातून ताट सुटावं तशी. पहिलं वळण तिने घेतलं, बोगद्यात शिरली, बाहेर आली तेव्हा डबे दोनच होते. दुसऱ्या वळणावर तिने वळणाशी संबंध तोडला आणि सरळ डॉक्टरांच्या चहात गेली.

सेक्रेटरींनी वहीत काहीतरी टिपलं. चौतीस वर्षांची मेहनत वाया गेल्यासारखं बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टरांच्या मांडीवरचा चहा पुसायला वाकलो आणि तेवढ्यात खुर्ची करकरली.

अण्णा उभे राहिले होते.

"लांब बाजू पुढे ठेवून या वेगाने?" आवाज असा, की भिंतीला टेकलेला पलंग हलला. "कोणाच्या परवानगीने?"

"अं?"

"इंजिनाला एक आखूड बाजू असते, एक लांब. ड्रायव्हर बसतो आखूड बाजूला. तुम्ही उलटं पळवताय! त्या माणसाला पुढचा अर्धा रूळ दिसत नाही. फाटकात कोणी असतं तर?"

फाटकात पुठ्ठ्याची एक गाय होती. तिचं काही बिघडलं नव्हतं, पण ते सांगण्यात अर्थ नव्हता.

इंजिन उलटं का पळत होतं याचा शोध दोघांनी मिळून घेतला. मी तारा तपासत होतो, पत्रक तेराव्या भाषेत वाचत होतो. अण्णांनी डाव्या हाताच्या नखाने चालवायच्या खोक्यावरचं हमीचं लेबल खरवडलं. त्याखाली पुढे-मागे करायचं बटण होतं.

"रेल्वेत असतात तर पहिल्या दिवशी घरी पाठवलं असतं," अण्णा म्हणाले. मग फळीभोवती एक फेरी मारून त्यांनी माझ्या बायकोला हाक मारली, "बाळे, एक वही आण गं. रेघांची."

त्या वहीत त्यांनी डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरात दोष लिहिले. वळणाचा बाहेरचा रूळ उंच नाही. सिग्नल चुकीच्या बाजूला. स्टेशनात घड्याळ नाही. बोगद्यात डबा अडकतो. गाय रुळापासून सुरक्षित अंतरावर नाही. शेवटी खाली रेघ मारून आकडा घातला: तेवीस. आणि त्याखाली: ‘बांधकाम करणाऱ्यास अनुभव नाही.’

मी इंजिन जोडलं होतं. अंगठा भाजला होता, कंबर दिली होती, कारकुनापुढे ‘खेळणं’ लिहिलं होतं. पण त्या संध्याकाळी गोदामांपलीकडच्या गाडीची वेळ होऊन गेली आणि अण्णांना तिचा भोंगा ऐकू आला नाही. ते फाटक मोजत होते. स्वयंपाकघरातून बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी अपमान गिळला.

पुढचे दहा-बारा दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. सकाळी आठला अण्णा हजर. मी एक दोष काढायचा, त्यांनी तो तपासायचा, नापास करायचा. तिसऱ्या खेपेला पास. मग चाचणी. पण चाचणीची गाडी तरी नुसती कशी सोडणार?

"चिठ्ठी कुठे आहे?" अण्णांनी विचारलं.

"कसली?"

"पुढचा मार्ग मोकळा आहे असं स्टेशनमास्तरने लेखी दिल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. मी एकोणचाळीस वर्षांत हलवली नाही."

"बरं. देतो लिहून."

"असं कसं देता? आधी पुढच्या स्टेशनला विचारा."

"अण्णा, रूळ गोल आहे. पुढचं स्टेशन हेच."

"मग त्या मास्तरला विचारा."

"तोही मीच."

"मग विचारा की."

मी फळीच्या एका टोकाला उभा राहून स्वतःला विचारलं, दुसऱ्या टोकाला जाऊन स्वतःला होकार दिला, परत येऊन चिठ्ठी लिहिली. दर फेरीला एक. ज्या माणसाने छत्तीस वर्षांत सहजासहजी कोणाला परवानगी दिली नाही, त्याने एका आठवड्यात दोनशे दहा परवानग्या दिल्या. आणि अण्णा प्रत्येक चिठ्ठी चष्मा लावून वाचत. दोनदा तारीख चुकली म्हणून परत केल्या. वर मला म्हणतात, "घाई नको मास्तर. घाई झाली की माणसं मरतात."

बायकोही सुटली नाही. गॅलरीत जायचा रस्ता फळी आणि भिंतीमधल्या फटीतून, बरोबर फाटकाच्या बाजूने होता, त्यामुळे तिची नेमणूक फाटकावर झाली. ओल्या कपड्यांची बादली घेऊन ती उभी राही.

"अण्णा, जाऊ का?"

"गाडी यायची आहे."

"कपडे आंबतील हो!"

"आंबू देत. लोक थांबत नाहीत, म्हणूनच अपघात होतात."

डॉक्टरही दुपारची झोप सोडून येऊ लागले. त्यांना सिग्नलचं काम दिलं होतं. एकदा त्यांनी हिरवा द्यायला उशीर केला, तर अण्णांनी त्यांचं नाव वहीत लिहिलं. डॉक्टर जिना उतरताना म्हणाले, "तीस वर्षं प्रॅक्टिस केली, कोणी असं बोललं नव्हतं." पण दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं आधी आले.

दरम्यान प्लास्टर निघालं. त्याचा उल्लेख कोणी केला नाही. अण्णांनी फक्त पेन डाव्या हातातून उजव्या हातात घेतलं.

तीस तारखेला एकच दोष उरला होता. दुसऱ्या वळणावर इंजिन किंचित थरथरायचं. मी सकाळी इंजिन उलटं केलं, पुढच्या चाकांच्या चौकटीचा स्क्रू ढिला होता, तो आवळला. तीन फेऱ्या झाल्या. तीन चिठ्ठ्या. गाडी वळणावरून अशी गेली, की जणू रुळावर लोणी लावलंय. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं, की मी डॉक्टरांना हाक मारणार होतो.

अण्णांनी वही उघडली. तेविसाव्या दोषावर काट मारली. खाली लिहिलं: ‘दोष नाही.’ पेनाला टोपण लावलं, वही बंद केली आणि बोळातून दाराजवळच्या खुर्चीकडे गेले. चेनचा आवाज आला.

"उद्या सकाळची गाडी आहे ना गं ती, सव्वानऊची?" ते बायकोला विचारत होते.

"हो," बायको म्हणाली. एवढंच. मग ती खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. हातात बादली होती. गाडी उभी होती, फाटक उघडं होतं, तरी ती पुढे गेली नाही.

छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी एकही काम मुदतीत पूर्ण केलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा केलं, आणि ते हे.

जेवणं झाली. अण्णा आडवे झाले होते. मी हळूच खोलीत गेलो. स्वतःच्या हाताने केलेली वस्तू स्वतःच्या हाताने बिघडवायची म्हणजे काय असतं, हे कारागिरालाच कळेल. मी छोटा पेचकस घेतला, इंजिन उचललं, उलटं केलं, चष्मा वर सरकवला.

स्क्रू नव्हता.

मी फळी पाहिली, रूळ पाहिले, बोगद्यात बोट घातलं. सकाळी मी तो घट्ट आवळला होता. आपणहून गेला नसता.

"काय शोधताय, मास्तर?"

अण्णा दारात उभे होते. हातात चष्म्याचं घर.

"काही नाही. असंच बघत होतो."

"पुढच्या चौकटीचा स्क्रू गेलाय," ते म्हणाले. "मघाशी पाहिलं मी. कुठेतरी पडला असेल."

"बारीक असतो हो. सापडत नाही लवकर."

"नाहीच सापडत." ते आत आले आणि फळीसमोरच्या खुर्चीत बसले. बसताना चष्म्याच्या घरात काहीतरी खुळखुळलं. त्यांनी त्यावर हात ठेवला. "नवा मागवावा लागेल. पार्सलला किती दिवस लागतात?"

"सांगता येत नाही, अण्णा. तिथला कारकून फार कडक आहे. खुलासे मागतो."

"हं." त्यांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. "गाडी बंद ठेवून तसंच निघून जाणं काही बरं नाही. नियमात बसत नाही."

"छे छे! नियमात कसं बसेल?" मी म्हणालो आणि खिशातली अकरा स्क्रूंची डबी वाजू नये म्हणून छातीवर हात दाबून धरला.

अण्णांनी पानावर नवा आकडा घातला: चोवीस. मग माझ्या हाताकडे पाहिलं.

"छातीत दुखतंय का?"

"नाही. कंबर."

"मग कंबरेला हात लावा," असं म्हणून ते लिहायला लागले.